डिचोलीचं जुनं घर, हाती चार लाख: आधी पाणी, मग रंग

ताई, तुमचा प्रश्न थोडक्यात असा. गोव्यात डिचोली तालुक्यात वडिलोपार्जित चिरेबंदी घर आहे, वय सत्तरच्या आसपास. आई गेल्यापासून तीन वर्षं बंद. तुम्ही ठाण्याला, एक भाऊ पुण्यात, एक मस्कतला. विकायचं तिघांनी ठरवलंय आणि डागडुजीला चार लाखांपलीकडे कोणी देऊ शकत नाही. एजंट सांगतो, फॉल्स सीलिंग करून घ्या, जुन्या जमिनीवर व्हिट्रिफाइड टाइल्स बसवा, सगळीकडे प्लास्टिक पेंट मारा, घर नव्यासारखं दिसेल आणि भाव चढेल. ते करावं का, असं तुम्ही विचारलंय.

करू नका. यातलं एकही काम करू नका. फोंडा आणि डिचोली भागात जुन्या घरांची दुरुस्ती मी सत्तावीस वर्षं करतोय, त्याआधी वडिलांच्या हाताखाली गवंडीकाम शिकलो. विकायच्या आधी ‘नवं’ केलेली आणि त्यापायी ग्राहक गमावलेली बरीच घरं पाहिली आहेत.

तुमच्या घरासाठी येणारा माणूस कोण असेल ते आधी बघा. काहींना फक्त जमीन हवी असते. ते घर पाडणार, त्यांना तुमच्या टाइल्सचं काही देणंघेणं नाही, त्याचा एक रुपयाही ते देणार नाहीत. घरासाठी पैसे मोजणारा जो असतो, मग तो म्हापशाचा असो, मुंबईचा की बेंगळुरूचा, तो जुनेपणासाठीच येतो. त्याला दीड हात जाडीची चिऱ्यांची भिंत हवी, राजांगण, म्हणजे घराच्या मधोमध उघडं अंगण हवं, वर पाहिल्यावर वासे आणि कौलं दिसायला हवीत, लाल कोबा पायाला गार लागायला हवा. तुम्ही हे सगळं झाकून ठेवलंत तर तो मनातल्या मनात ते उखडायचा खर्च मोजतो आणि किमतीतून वजा करतो. म्हणजे तुमचे चार लाखही गेले आणि वर किंमतही उतरली.

जुनं घर बघायला आलेला माणूस खरं म्हणजे एकाच गोष्टीला घाबरतो: पाण्याला. आपल्याकडे वर्षाला ३,००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. भिंतीवरचा पोपडा, वाशावरचा काळा ओघळ, दार उघडताच येणारा कुबट वास, एवढं दिसलं की त्याच्या डोक्यात दुरुस्तीचा आकडा फुगत जातो आणि तो खऱ्या खर्चाच्या दुप्पट-तिप्पट असतो. ती भीती काढणं हीच घर विकायची तयारी. म्हणून चार लाखांतले निदान दोन लाख छप्पर आणि पाण्याकडे जाऊ द्या. बाकीचं उरलेल्यात भागतं.

छपराबद्दल जरा सविस्तर सांगतो, कारण इथे पैसा वाचवताही येतो आणि उडवताही येतो. सगळी कौलं नवी घालायची गरज नसते. मंगळुरी कौल चांगलं भाजलेलं असेल तर पन्नास-साठ वर्षांनीही कामाचं असतं. बोटाच्या पेराने ठोकून बघायचं, खणखणीत वाजलं तर ठेवायचं, बद्द वाजलं तर तडा आहे. शाकारणी करताना सगळी कौलं उतरवून, ब्रशने शेवाळ काढून, चांगली-वाईट वेगळी करायची. साधारण पाचातलं एक बाद होतं, तीन वर्षं बंद असलेल्या घरात थोडी जास्त. आता अडचण अशी की नव्या कौलाचा साचा जुन्याशी जुळत नाही, खाच नीट बसत नाही आणि नेमकं तिथूनच पाणी शिरतं. म्हणून एकाच उतरणीवर जुनं-नवं मिसळू नका. परसाकडची एक पूर्ण उतरण नव्या कौलांनी शाकारा आणि तिथली निघालेली जुनी कौलं पुढच्या बाजूच्या भरपाईला वापरा. पुढून घर जसंच्या तसं जुनं दिसतं, मागे छप्पर घट्ट होतं आणि कौलांचा खर्च निम्म्यावर येतो. हे मला माझ्या वडिलांनी शिकवलं आणि आजवर एकदाही फसलेलं नाही.

छप्पर गळतं ते सहसा कौलांच्या मधल्या भागातून नाही. आढ्याच्या कौलांखालचा मसाला सुटलेला असतो, छप्पर भिंतीला जिथे टेकतं तिथे फट पडलेली असते आणि राजांगण असेल तर त्याच्या चार कोपऱ्यांत, दोन उतरणी मिळतात त्या पन्हळीत पत्रा गंजलेला असतो. हे चार कोपरे म्हणजे जुन्या गोमंतकीय घराचं सर्वांत दुखरं अंग. तिथला पत्रा बदलायला हात आखडू नका. वासे बदलताना सुताराला सांगा, टोक कुजलं म्हणून पूर्ण वासा काढायचा नाही. वळचणीकडचं दोन-तीन फुटांचं टोक कापून तेवढाच नवा तुकडा जोडता येतो. वाळवीसाठी जमिनीत आणि पायाच्या कडेने औषध मारून घ्या आणि त्याचं बिल जपून ठेवा, ग्राहक ते मागतो. वाशांना काजूच्या टरफलाचं तेल लावायची आपल्याकडची जुनी रीत आजही चालते. उग्र वास काही आठवडे राहतो, म्हणून ते काम घर दाखवायच्या बरंच आधी उरकायचं.

छप्पर उघडलंच आहे तर आणखी एक करा. माजघरावर दोन आणि स्वयंपाकघरावर एक काचेचं कौल बसवा. जुन्या घरांची माजघरं काळोखी असतात, कारण भिंती जाड आणि खिडक्या लहान. शे-दोनशे रुपयांचं कौल दुपारी बारा वाजता जो उजेड आत सोडतं, तो दहा हजारांच्या दिव्यांनी येत नाही. माणूस त्या कवडशात उभा राहतो आणि वर बघतो. हे मी कितीदा तरी पाहिलंय.

आता खालचं पाणी. सत्तर वर्षांपूर्वीच्या चिरेबंदी भिंतीत ओल अडवणारा थर घातलेलाच नसतो. चिरा म्हणजे जांभा दगड, तो सच्छिद्र, जमिनीतलं पाणी स्पंजासारखं वर ओढतो. पूर्वी याचा बंदोबस्त दोन गोष्टींनी व्हायचा. जोतं अंगणापेक्षा उंच असायचं आणि भिंतीला चुन्याचा गिलावा असायचा. चुना पाण्याला अडवत नाही, बाहेर जाऊ देतो. भिंत पावसाळ्यात ओली व्हायची, दिवाळीनंतर सुकायची. मग कोणीतरी सिमेंटचा गिलावा केला, वरून प्लास्टिक पेंट मारला आणि पाण्याला बाहेर पडायची वाटच बंद झाली. ते आत अडकतं, वर चढतं, सोबत क्षार आणतं. जिथे सुकतं तिथे क्षार फुलतात आणि रंगाचे पापुद्रे पडतात. त्यालाच आपण भिंतीला लोणा लागला म्हणतो.

मी स्वतः ही चूक केलेली आहे. धंद्यात चार-पाच वर्षं झाली होती. फोंड्याजवळच्या एका घरात ओल दिसत होती आणि मालकांना ते महिन्याभरात विकायचं होतं. मी कंबरेपर्यंतचा चुना खरवडून सिमेंट केलं, वॉटरप्रूफिंगचं द्रावण घातलं, वर चकचकीत रंग. मे महिन्यात भिंत देखणी दिसत होती. ग्राहकाने इसार दिला. जुलैत तो पुन्हा बघायला आला तेव्हा कंबरेखाली भिंत कोरडी होती आणि कंबरेच्या वर, जिथे कधीच ओल नव्हती तिथे, माणसाच्या उंचीपर्यंत फुगलेली. त्याने व्यवहार मोडला. त्या कुटुंबाचं नुकसान माझ्यामुळे झालं, ते मला आजही बोचतं. तेव्हापासून चुन्याच्या भिंतीला मी सिमेंट लावलेलं नाही.

तुमच्या घरात काय करायचं? घराभोवती फिरून बघा, माती जोत्याला कुठे टेकलीय. वर्षानुवर्षं पाचोळा कुजून, भर पडून अंगण वर येतं. ती माती हात-दीड हात खाली काढा, पागोळ्या पडतात त्या ओळीत उथळ चर खणा आणि तो उतारावर न्या. दोन मजूर, आठ-दहा दिवस. घराच्या मागे डोंगर किंवा बांध असेल तर तिकडचा चर जास्त खोल हवा. एवढ्याने पुढच्या पावसात भिंतीची ओल बरीच खाली येते. भिंतीवरचा क्षार कोरड्या ब्रशने झाडून काढा. धुऊ नका, धुतलं की तो विरघळून परत आत जातो.

ओल भिंतीतून येते की खोलीतल्या दमट हवेमुळे दिसते, असा संशय असेल तर प्लास्टिकचा हातभर तुकडा चारी बाजूंनी चिकटपट्टीने भिंतीला घट्ट लावा आणि दोन दिवसांनी बघा. थेंब आतल्या बाजूला असतील तर भिंतीतून, बाहेरच्या बाजूला असतील तर हवेतून. हवेतून असेल तर खिडक्या उघड्या ठेवणं एवढंच औषध.

रंगाला चुना. जुन्या चुन्याच्या भिंतीला चुन्यासारखं दुसरं काही नाही आणि त्याहून स्वस्तही काही नाही. चांगला भिजवलेला, गाळलेला चुना, पातळ तीन हात, प्रत्येक हात सुकल्यावर पुढचा. बाहेरून किंचित पिवळी माती किंवा ऑक्साइड मिसळा, आतून पांढरा. मात्र जिथे आधी डिस्टेंपर किंवा ऑइल पेंट मारलाय तिथे चुना धरत नाही, तो भाग खरवडावाच लागतो. जुन्या ऑइल पेंटमध्ये शिसं असू शकतं. घरगुती रंगांतल्या शिशावर ९० पीपीएमची (दहा लाख भागांत नव्वद भाग) मर्यादा २०१७ मध्ये लागू झाली, त्याआधीच्या थरांची खात्री नाही. म्हणून दारं-खिडक्या खरवडताना लाकूड ओलं करून घ्या, कामगारांना मास्क द्या आणि त्या दिवशी लहान मुलांना घरात ठेवू नका. दारं फणसाची किंवा सागाची असतील तर खरवडून नुसतं तेल पाजा. वर परत तपकिरी रंग मारला तर केलेली मेहनत झाकली जाते.

जमिनीचं फार नाही. लाल कोबा असेल तर साबणपाण्याने घासून, सुकवून, खोबरेल तेलाचा हलका हात. मोझाइक असेल तर यंत्राने पॉलिश, ते डोळ्यांना सुखावतं. तडे गेले असतील तर तसेच राहू द्या. अॅल्युमिनियमच्या सरकत्या खिडक्या नकोत. शिंपल्यांच्या चकत्या लावलेली एखादी खिडकी शिल्लक असेल तर तिला जपा, फुटलेल्या जागी काच बसवून बाकीच्या तशाच ठेवा.

विजेवर मात्र खर्च करा. लाकडी पट्टीतली जुनी वायरिंग दिसली की ग्राहकाच्या कपाळाला आठी पडते आणि ती रास्त आहे. सगळं घर नव्याने करायचं परवडत नसेल तर निदान मुख्य बोर्ड, अर्थिंग आणि आरसीसीबी (वीज गळली की पुरवठा तोडणारा स्विच) नवीन, उघड्या तारा काढलेल्या आणि प्रत्येक खोलीत एक चालू दिवा, एक पंखा. एक संडास-न्हाणी नीट, स्वच्छ, गळका नळ नसलेली. स्वयंपाकघरात नवीन काही बसवू नका. ओटा घासा, नळ बदला, चुलीची काजळी काढा. विहीर उन्हाळ्यात उपसून गाळ काढून घ्या, तळ दिसणारी विहीर पाहिली की माणूस दहा मिनिटं तिथेच थांबतो. अंगणातली झुडपं तोडा, पण झाडाला हात लावण्याआधी चौकशी करा. १९८४ च्या वृक्ष संरक्षण कायद्याखाली परवानगी लागते. घरावर आलेली सुकी फांदी छाटणं वेगळं, आख्खा आंबा पाडणं वेगळं.

घर रिकामं करणं हे सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात जड काम. तीन वर्षं बंद घरात आईची पातळं असतील, वडिलांच्या फायली असतील, पितळेची भांडी असतील. तिघा भावंडांनी दोन दिवस एकत्र बसून ते करा, मजुरांवर सोडू नका. देव्हाऱ्यातल्या देवांचं काय करायचं ते भटजींना विचारून, फोटो काढायच्या आधीच ठरवा. तुळशी वृंदावन मात्र पाडू नका, ते घराचा भाग आहे. हवं तर रोप तुम्ही घेऊन जा. गणेश चवथीला गणपतीच्या वर फळाफुलांची माटोळी बांधायचे हूकही तसेच राहू द्या. जड पेट्या आणि मोडकी कपाटं हलली की खोल्या मोठ्या दिसतात. एखादं चांगलं जुनं बाकडं, एखादा झोपाळा ओसरीवर ठेवा.

आता कागद. माझं हे क्षेत्र नाही, वकील गाठा, पण छप्पर उघडायच्या आधी गाठा. कागदांमुळे व्यवहार अडकला तर केलेल्या दुरुस्तीवर दोन पावसाळे जातात. एक-चौदाचा उतारा (गोव्यातला सातबारा) आणि मोजणीचा नकाशा काढा, नकाशात घर दाखवलंय का बघा. आईवडिलांनंतर वारसांची नोंद झालीय का? गोव्यात त्यासाठी स्पेशल नोटरीकडचं वारसापत्र किंवा कोर्टातली इन्व्हेंटरी, म्हणजे वारसांत मालमत्ता वाटून द्यायची प्रक्रिया लागते. आपल्या कायद्यात विवाहितांची मालमत्ता समाईक मानली जाते, त्यामुळे भावांच्या बायकांची आणि तुमच्या यजमानांचीही सही मागतील, त्यांना आधीच कल्पना द्या. घराखालची जमीन देवस्थानची किंवा कोमुनिदादीची (गावकीच्या सामाईक मालकीची) नाही ना, आवारात कुळ किंवा मुंडकार (दुसऱ्याच्या जमिनीवर घर करून राहणारा) नाही ना, हे पाहा. १९७५ च्या मुंडकार कायद्याने मुंडकाराला संरक्षण आहे, ते लपवून विकता येत नाही. घरपट्टी, वीजबिल, पाणीबिल थकलं असेल तर भरा. मीटर तोडू नका. मस्कतच्या भावाने मुखत्यारपत्र तिथल्या भारतीय दूतावासातून करून पाठवायला वेळ लागतो. तो अनिवासी असल्यामुळे त्याच्या वाट्यावर ग्राहकाला वेगळ्या आणि जास्त दराने कर कापावा लागतो, त्यासाठी सीएशी आताच बोला. दुरुस्ती सुरू करण्याआधी पंचायतीत अर्ज द्या. छपराची उंची किंवा आकार बदलू नका, तसं केलं की नव्या बांधकामाचे प्रश्न उभे राहतात.

एजंट तुम्हाला म्हणेल, ओलीची भिंत कपाटामागे ठेवा. ठेवू नका. १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याचं ५५ वं कलम सांगतं की ग्राहकाला साध्या पाहणीत दिसणार नाही असा मोठा दोष विकणाऱ्याला ठाऊक असेल तर तो त्याने सांगितला पाहिजे. आणि कायदा बाजूला ठेवला तरी, खरं सांगितल्याने भाव पडतो हा माझा अनुभव नाही. उलट काय दुरुस्त केलं, काय शिल्लक आहे, हे एका कागदावर लिहून दिलं आणि सोबत कौलांची, सुताराची, वाळवीच्या औषधाची बिलं जोडली की समोरचा घासाघीस करायचं कमी करतो. त्याला आकडा कळतो, भीती उरत नाही.

मला विचाराल तर घर पावसात दाखवा. सगळे जण डिसेंबर-जानेवारीत दाखवतात, तेव्हा कोणतंही घर कोरडंच असतं आणि ग्राहक मनात म्हणतो, जुलैत काय होत असेल कोण जाणे. तुम्ही काम मेअखेर संपवलं तर जूनच्या दुसऱ्या आठवड्यात छपराची परीक्षा होते. मुसळधार पावसात माजघरात उभं राहून फोनवर दोन मिनिटांचा व्हिडिओ काढा: वर कौलं, खाली कोरडी जमीन, राजांगणात धो धो पडणारं पाणी. लांबच्या ग्राहकाला तो पाठवा.

यंदा गणेश चवथीला तुम्ही तिघंही गावी याल असं लिहिलंय. तेव्हा पाऊस चालूच असेल, त्याचा उपयोग करा. सोबत टॉर्च आणि पांढरा खडू घ्या. जोराची सर येईल तेव्हा माळ्यावर चढा, थेंब दिसेल त्या वाशावर खुणा करा आणि खाली येऊन भिंतीवर ओल कुठवर चढलीय तिथे पेन्सिलीने रेघ मारून तारीख लिहा. मोबाइलवर सगळ्याचे फोटो काढून ठेवा. ऑक्टोबरात मेस्त्री येईल तेव्हा घर सुकलेलं असेल, सगळं ठीकठाक वाटेल आणि तो अंदाजाने काहीतरी आकडा सांगेल. त्याला त्या खुणा दाखवा आणि तेवढ्याचाच हिशेब मागा.